मागच्या सीटचा मुकादम

मंगळवार, ता. ९

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. तुझं पाठीचं दुखणं कसं आहे ते कळव, आणि आजाऱ्यांना उचलताना दुसऱ्या नर्सला हाक मारत जा. सगळं एकटीने उचलायची सवय आपल्या घराण्याला आहे, पण पाठ प्रत्येकाला एकच असते.

आज तुला एका दाताचा हिशेब सांगतो. वरचा, पुढचा. डॉक्टरने नवा बसवला, त्याचे पैसे मी भरले, ते सोड. पैसा हा किमतीतला सगळ्यात स्वस्त भाग. बाकीचं बघ. दोन दिवस माझी गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात होती, आणि त्याने क्लच असा दाबला की जणू मागचं वैर काढतोय. तुझ्या वहिनीची डोकेदुखी उतरायला तयार नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या बुटक्या खुर्चीत मी तासभर बसलो, गुडघे हनुवटीला टेकवून. आणि एका अनोळखी बाईने जाता जाता माझ्याकडे असं पाहिलं, की घरी येऊन मी आधी आरशात बघितलं. एवढा महाग दात राजाच्या तोंडात नसेल.

घाबरू नकोस. तुझा लेक धडधाकट आहे. शाळेत पाण्याच्या नळापाशी पोरापोरांत झालं. या वयात जिभेच्या आधी हात चालतो. दोन दिवस घरी आराम केला, उद्यापासून परत जाईल. मिटलं.

शाळेने आता एक समुपदेशक बाई नेमल्या आहेत, वयाने तुझ्याएवढ्या असतील. मारामाऱ्या व्हायच्या आधीच कशा थांबवायच्या, हे त्या शिक्षकांना शिकवतात. मलाही शिकवलं. म्हणाल्या, "मूल चवताळलेलं असेल तर आवाज खाली आणा, शक्य असेल तर खाली बसा, आणि त्याची बाहेर जायची वाट अडवू नका." मी म्हटलं, "बाई, ही पोरं आहेत की अस्वलं?" त्या हसल्या. हसणारं माणूस मला आवडतं, म्हणून मी त्यांना माझी पद्धत सांगितली.

तुला ठाऊकच आहे. पहिली जुनी व्हॅन घेतली तेव्हापासून आजपर्यंत माझ्या गाडीत एक भांडण झालेलं नाही. मुख्याध्यापकांसमोर म्हणालो, "साहेब, मारामारी तुमच्या इमारतीत होते, माझ्या गाडीत नाही. तुमचे शिक्षक पाठवा माझ्याकडे शिकवणीला." खोटं काय त्यात? मी गाडी चालवत असतो, पाठीला डोळे नाहीत, पण कान आहेत. शेवटच्या सीटवर कुणी नाक ओढलं, तर कुणाचं ते मी सांगतो. आणि कानाला मदत म्हणून माझा एक नेम आहे: मागच्या सीटवर सगळ्यात दांडगं पोर बसवायचं आणि त्यालाच मुकादम करायचं. दंगा करणाऱ्यालाच राखण दिली की दंगा कोण करणार? यंदा तो मान तुझ्या लेकाकडे आहे. लाल दिव्यापाशी इतर शाळांच्या गाड्यांमधून बाजार भरल्यासारखा आवाज येतो, माझ्या गाडीत घड्याळाची टिकटिक ऐकू येईल.

बाईंनी विचारलं, "तुमची मुलं शांत असतात, की गप्प असतात?"

मी म्हटलं, "बाई, स्टिअरिंगवर बसलेल्याला दोन्ही सारखंच."

यावर त्या हसल्या नाहीत. शिकलेल्या माणसांना विनोद कधी कळतो, कधी कळत नाही.

तू बिनघोर राहा. मी आहे इथे.

तुझा,
दादा


रविवार, ता. १४

धाकटे,

शुक्रवारी सकाळी तुझा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "दादा, दाताचे पैसे तू का भरलेस?" मी हसलो. तू म्हणालीस, "आपल्या पोराचा दात कुणी पाडला असता तर तू त्याच्या बापाच्या दारात उभा राहिला असतास. पैसे भरतोस म्हणजे दात दुसऱ्याचा." मी म्हणालो आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता.

एकाच आईच्या पोटचे आपण. कान तुलाही दिलेत हे मी विसरतो. म्हणून लिहायला बसलोय. फोनवर मी हसतो आणि विषय बदलतो. कागदावर हसता येत नाही.

दात दुसऱ्या मुलाचा. मारलं तुझ्या लेकाने. आराम वगैरे काही नव्हता, शाळेने त्याला दोन दिवस घरी बसवलं होतं. मुलगा आठवीतला, आपल्या पोराहून एक इयत्ता मागे, माझ्याच गाडीतला. हातापायाच्या काड्या, म्हणून सगळे त्याला काडी म्हणतात. ते नाव तुझ्या लेकानेच ठेवलंय, हे मला आता कळलं. नळापाशी काडीने त्याला सांगितलं, "सोमवारपासून मी डबा देणार नाही." एवढंच. त्यावर याने त्याचं तोंड नळावर आपटलं. कसला डबा, कुणाला द्यायचा, हे मी विचारलंच नाही. मला वाटलं पोरांची देवाणघेवाण असेल. माझी तरी विचारायची इच्छा कुठे होती? ज्या बाईने माझ्याकडे तसं पाहिलं असं लिहिलं होतं, ती काडीची आई.

मिटलं असंही लिहिलं होतं. मिटलं नव्हतं.

बुधवारी दोघेही गाडीत आले. तुझा लेक मागे, त्याच्या जागेवर. हो, मी त्याला त्याच जागेवर बसवलं. म्हटलं, जागा काढून घेतली तर पोराचा पाणउतारा होईल. काडी त्याच्या पुढच्या सीटवर, कारण जागा ठरलेल्या असतात आणि त्या मीच ठरवतो. दोन दिवस गाडी नेहमीसारखी. टिकटिक.

शुक्रवारी दुपारी शाळा सुटली. माझ्या सीटमागे पत्र्याची एक पेटी आहे, त्यात जॅक, दोरी आणि चाकाचा मोठा पान्हा असतो. शाळेच्या फाटकाबाहेरच्या गतिरोधकावर तो पान्हा एकदा धप्प वाजतो. रोज. त्या दिवशी वाजला नाही. मला वाटलं चिंधी अडकली असेल. पुढे दवाखान्याच्या कोपऱ्यावर दुसरा गतिरोधक. तिथेही नाही. हात मागे घालून चाचपलं. जॅक होता, दोरी होती.

मी गाडी एका लांब भिंतीच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"पान्हा कुणी घेतलाय?"

कुणी हललं नाही. कुणी शेजाऱ्याकडे पाहिलं नाही. अगं, पोरं अशी नसतात. तीसेक पोरांना काही विचारलं तर पन्नास उत्तरं येतात, पंचवीस चाड्या होतात. इथे सगळ्या माना समोर. इतकी वर्षं मी त्या शांततेच्या फुशारक्या मारत होतो, आणि त्या क्षणी मला तिची भीती वाटली.

गाडीतल्या मदतनीस मावशींना मी डोळ्यांनी खूण केली. बाई मोठी हुशार. "चला रे छोटे छोटे, उतरा, इंजिन तापलंय," असं म्हणत त्यांनी लहान पोरं भिंतीकडे उतरवायला घेतली. पहिलीतली एक चिमुरडी माझ्यापाशी थांबली. मी हळूच विचारलं, "बाळा, तू पाहिलंस का कुणी घेतला?"

ती म्हणाली, "काका, गाडीत बोलायचं नसतं. मागे पण बघायचं नसतं."

"कोण म्हणालं?"

"मुकादम दादा. बोललं की तो डबा घेतो. मागे बघितलं की मानेवर मारतो." मग माझ्याकडे पाहून, मी विसरलोय आणि ती आठवण करून देतेय अशा सुरात, "तुम्ही तर त्याला रोज शाबास म्हणता."

मावशींनी तिला उचलून नेलं.

मी मागे निघालो. मधली पोरं मावशींमागे एकेक करून सरकली. मागे दोघेच उरले. काडी उभा होता, पाठीवरची बॅग पुढे घेतलेली, उजवा हात बॅगेत कोपरापर्यंत. तुझ्या लेकाला अजून काही कळलं नव्हतं. सीटवर पसरून म्हणत होता, "काय रे काडी, नवा दात दाखव ना. दुधाचा बसवलाय का?"

काडीने पान्हा बाहेर काढला.

तुला त्या पान्ह्याचं वजन माहीत नाही. मला माहीत आहे. एका हिसक्यात लोखंडाचा गंजलेला नट सुटतो.

माझ्या तोंडात ओरडणं आलं होतं. हात पुढे जायला निघाला होता, पोराचा दंड धरून पिरगाळायला. सगळी हयात मी असंच करत आलोय. पण मी आणि ते पोर यांच्यात चार सीटचं अंतर होतं, आणि पान्हा आणि तुझ्या लेकाचं डोकं यांच्यात हातभर. माझ्या आधी तो पोचला असता. तेव्हा बाईंचा जो धडा मी अस्वलांवरून हसण्यावारी नेला होता, तोच आठवला. मी बाजूच्या सीटवर बसलो. मधली वाट मोकळी ठेवली. दोन्ही हात गुडघ्यांवर, दिसतील असे.

"जड आहे तो," मी म्हटलं. "हाताला रग लागेल."

"लागू दे."

"तुला उतरायचं असलं तर दार उघडं आहे. मी धरणार नाही."

"तुम्ही खोटं बोलता." त्याचा आवाज फाटत होता. "तुम्हाला सगळं ऐकू येतं. सगळ्यांना माहितेय तुम्हाला सगळं ऐकू येतं. मी रडलो तेव्हा पण ऐकू आलं असेल. तुम्हीच ठेवलंय त्याला इथे."

धाकटे, मी म्हटलं, "हो. मीच ठेवलंय."

तेवढ्यात तुझा लेक बोलला. खिडकीला चिकटून बसला होता तो, पाय वर घेऊन. मिसरूड फुटलेला तो दांडगा मुकादम कुठे गेला कोण जाणे. "मामा," म्हणाला, "तू सांग ना त्याला. तूच म्हणाला होतास ना."

काय म्हणालो होतो, ते काडीलाही ऐकायचं होतं. पान्हा खांद्याच्या वर तसाच.

तर ऐक आता तूही. तू नोकरीवर गेलीस त्या पहिल्या वर्षी शाळेत याला चार पोरं गाठायची. बाप वारला, आई सोडून गेली, असं चिडवायची, ढकलायची. एकदा फुटलेला ओठ घेऊन घरी आला. मी जेवत होतो. म्हटलं, "मार खाऊन या घरात यायचं नाही. पुन्हा आलास तर उरलेला मी देईन." वहिनी म्हणाली, अहो असं काय. मी म्हटलं, मला असंच वाढवलं, म्हणून आज माझ्या पाच गाड्या आहेत. त्यानंतर तो कधीच मार खाऊन आला नाही. मला वाटलं पोरगा सुधारला. तुलाही तसंच कळवलं होतं: भाच्याने नाव काढलं.

हे सगळं तुझ्या लेकाने त्या मागच्या सीटवर, नाक पुसत, तुटक तुटक सांगितलं. मला नव्हे, काडीला.

काडी त्याच्याकडे वळला. मग म्हणाला, "म्हणजे तुला माहीत होतं कसं वाटतं ते."

तुझ्या लेकाने मान खाली घातली.

काडीने पान्हा सीटवर ठेवला. टाकला नाही, ठेवला, आवाज होऊ नये तसा. गाडीत आवाज करायचा नाही ही सवय त्या क्षणीही सुटली नव्हती. मग मोकळ्या वाटेने, माझ्या गुडघ्याला न लागता, तो उतरून गेला. मावशींनी त्याला जवळ घेतलं. मी तिथेच बसून होतो.

कुंपणच शेत खात होतं, आणि ते कुंपण मी घातलं होतं.

मी शाळेला स्वतः जाऊन सगळं सांगितलं. लपवलं असतं तर लपलं असतं, हेही तुला सांगतो, कारण तसा विचार मनात आला होता. येत्या शनिवारी शाळेची समिती बसणार आहे. याला ठेवायचं की काढायचं, ते त्या दिवशी ठरेल. नववीच्या अर्ध्यात काढलेलं पोर दुसरी शाळा घेत नाही. मुख्याध्यापकांचा कल काढण्याकडे आहे. बाई म्हणतात, काढलं तर हा हेच दुसरीकडे जाऊन करेल, आणि त्याला थांबवायला तिथे कुणी नसेल.

तुला बोलावून घ्या असं बाई दोनदा म्हणाल्या. मी दोनदा म्हणालो, तिला कशाला त्रास, मी आहे ना.

आता बोलावतोय. रजा मिळते का बघ.

दादा


रविवार, ता. २१

प्रिय धाकटे,

महिनाअखेरपर्यंत रजा नाही, हे फोनवर कळलं. त्याबद्दल मनाला लावून घेऊ नकोस. तू परवा फोनवर मला रागाचा एक शब्द बोलली नाहीस, त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्यास तर मी जास्त नीट झोपलो असतो. पण तोही तुझा अधिकार.

आधी निकाल. पोराला शाळेत ठेवलंय. आठवड्यातून दोनदा बाईंकडे बसायचं. सहामाही संपेपर्यंत गाडीत बसायचं नाही, चालत जायचं. काडीची माफी मागायची, पण ती काडीला ऐकायची असेल तेव्हा. याच्या सोयीने नाही. काडीने अजून हो म्हटलेलं नाही. पान्ह्याबद्दल त्यालाही बाईंकडे बसायचं आहे, वेगळ्या दिवशी. त्याच्या आईने त्याला माझ्या गाडीतून काढलं. मी भेटायला गेलो होतो. दारातच म्हणाल्या, "तुमच्यावर राग नाही हो. पण तुमच्यावर सोपवून बसले होते ना मी."

माझ्या सगळ्या गाड्यांमधली मुकादमी बंद केली. बाकीचे ड्रायव्हर कुरकुरले. एक म्हणाला, "मालक, मग पोरं आवरायची कशी?" मी म्हटलं, "मलाही येत नाही. शिकू." बाई पुढच्या आठवड्यापासून आम्हा सगळ्यांना तास देणार आहेत. लहान पोरं आता पुढे, मावशी मध्ये, आणि प्रत्येक गाडीत कुणी काही सांगायला आलं तर गाडी थांबवून ऐकायचं. माझ्या गाडीत अजून कुणी आलेलं नाही. गोंगाट मात्र सुरू झालाय. परवा पहिल्यांदा दोन पोरांत खिडकीवरून भांडण झालं, आणि ती चिमुरडी मोठ्याने चाडी सांगत धावत आली. मला इतकं बरं वाटलं, की मी तिला शाबास म्हणणार होतो. मग तो शब्द गिळला, आणि म्हटलं, सांग.

आता शनिवारचं. ते मी शेवटी ठेवलं होतं.

सभेत मुलाच्या बाजूला त्याचं एक मोठं माणूस बसावं असा नियम आहे. मी इस्त्रीचा शर्ट घालून, काय काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. तुला माहीत आहे, बोलण्यात मी कुणाला हार जात नाही. बाईंनी पोराला विचारलं, "आई येऊ शकत नाही, तर तुझ्याजवळ कोण बसलेलं हवं?"

तो म्हणाला, "मावशी."

"कोण मावशी?"

"गाडीतल्या."

मला वाटलं, माझ्यासमोर बोलायला लाजला असेल. बाईंनी पुन्हा विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, "मामा नको."

मावशी गाडीपाशी होत्या. ओल्या हातांनी आल्या, पदराला हात पुसत. नंतर त्यांनीच मला सांगितलं: पहिल्या वर्षी रोज याच्या शर्टाची बटणं तुटलेली असायची. घरी कळू नये म्हणून हा सकाळी सगळ्यात आधी गाडीत चढायचा, आणि मावशी मागच्या सीटवर त्याला शेजारी बसवून बटणं लावून द्यायच्या. सुई-दोरा अजून त्यांच्या पिशवीत असतो. मी पुढे आरसा पुसत असायचो.

ते तिघं आत गेले: बाई, मावशी आणि तुझा लेक. समिती आधीच आत होती. दार लागलं. बाहेर एक बाक आहे, त्यावर मी बसलो.

आत बराच वेळ चाललं. मला काहीही ऐकू आलं नाही.

ये लवकर.

तुझा, बाहेर बसलेला,
दादा